भाडे व तत्सम उत्पन्न

मला ताळेबंद वाचता येतो याचा मला त्या काळी भलताच तोरा होता. पनवेलच्या एका ज्युनियर कॉलेजात मी बुककीपिंग शिकवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शेअरचं वेड घरोघरी शिरलं, आणि आमच्या स्टाफरूममध्ये माझा भाव एकदम वधारला. फिजिक्सचे सर, ग्रंथपाल, ऑफिसातले हेडक्लार्क, सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीचे फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. "बाई, जरा नजर टाका." मी चष्मा पुसायचे, दोन मिनिटं पानं चाळायचे आणि निकाल द्यायचे. बहुतेक वेळा निकाल बरोबर यायचा. त्या दिवसांत सगळ्यांचेच निकाल बरोबर येत होते, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

राहायला मी कामोठ्याच्या जुन्या गावात होते. आता तिथे सेक्टर झालेत, क्लासचे बोर्ड लागलेत, रिक्षांची रांग असते. तेव्हा नुसतं गाव होतं आणि गावाबाहेर भराव टाकलेली उघडी जमीन. तिच्यावरून दिवसभर डंपर धावायचे आणि माझ्या खिडकीच्या गजांवर लाल धूळ बसायची. एकट्या बाईला खोली द्यायची म्हणजे पनवेलात लोक दहा प्रश्न विचारत. लग्न का नाही केलं, कोण येणार-जाणार, मासे चालतात का. कामोठ्याच्या घरमालकिणीने एकच प्रश्न विचारला.

"भाडा कदी देनार?"

"महिना भरला की एक तारखेला," मी म्हटलं.

"मंग या राव्हाला."

मी तिला मावशी म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, विधवा, अर्धं आयुष्य मिठागरात काढलेली बाई. तिच्या टाचांच्या भेगा कधी भरल्याच नाहीत. घराच्या पुढच्या दोन खोल्या तिने मला दिल्या होत्या, मागच्या बाजूला ती आणि तिच्या मुलाचा संसार. डिपॉझिट तीन हजार ठरलं. मी बँकेतून शंभराच्या तीस नोटा आणल्या, तिच्यासमोर मोजल्या आणि सवयीने पावती मागितली. ती म्हणाली, "मना सहीपुरता लिवता येतंय. तुमीच लिवा." मग मीच चिठ्ठी लिहिली: 'डिपॉझिट रुपये तीन हजार, खोली सोडताना परत.' तारीख घातली, तिची सही घेतली. ती चिठ्ठी मावशीने माझ्या हातातून काढून घेतली, टाचणीने नोटांना लावली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गाठ मारली आणि लोखंडी पेटीत ठेवून दिली. पैसे देणारी मी, आणि पावतीही तिच्याच पेटीत. दुसऱ्या दिवशी हा किस्सा मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला आणि सगळे पोट धरधरून हसले.

मी तिथे राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मावशीला जमिनीच्या भरपाईचा शेवटचा हप्ता मिळाला. तिची जमीन नव्या शहरासाठी गेली होती. आधीचे हप्ते नवऱ्याच्या आजारपणात आणि मुलाच्या लग्नात संपले होते. कोर्टाने वाढवून दिलेली ही रक्कम एक लाख दहा हजारांची होती, आणि ती तिच्या एकटीच्या नावावर होती. यापुढे काही येणार नव्हतं, कारण विकायला किंवा घालवायला जमीनच उरली नव्हती.

मुलाला डंपर घ्यायचा होता. त्यात त्याचं काही चुकत होतं असं नाही. गावात ज्याच्या हाती पैसा आला त्याने डंपर घेतला होता, आणि भरावाचं काम जोरात होतं. मावशीलाही डंपरचा राग नव्हता. एके सकाळी ओट्यावर मासळी साफ करता करता ती मला म्हणाली, "डंपर त्याचा व्हईल बाई. मंग मना चायपत्तीला बी त्याच्याकडं हात पसराला लागल. यो पैसा गेला का माजा कायच नाय उरनार." हे तिने रडतबिडत सांगितलं नाही. कोयत्याने बोंबलाचं डोकं उडवावं तसं एका दमात सांगितलं. पण मला ते फार लागलं. माझ्या आईने जन्मभर वडिलांकडे भाजीचे पैसे मागितलेले मी पाहिले होते, आणि मी नोकरी धरली ती त्यासाठीच.

नेमक्या त्याच आठवड्यात स्कूटरवरून एक एजंट गावात आला. मुंबईतल्या एका कंपनीचे शेअर निघाले होते. कंपनीचा धंदा साधा: इमारती बांधायच्या, त्यातले गाळे दुकानदारांना द्यायचे, भाडं गोळा करायचं आणि लाभांश वाटायचा. चार ठिकाणी इमारती होत्या आणि त्यांतली एक आपल्याच पळस्पे फाट्यावर, गोव्याचा रस्ता फुटतो तिथे. सलग तीन वर्षं चोवीस टक्के लाभांश दिलेला. एजंट मावशीला म्हणाला, "दोन खोल्यांच्या मालकीण आहात, आता चार बिल्डिंगांच्या व्हा." त्याने पिवळ्या कागदावरचं मराठी पत्रक तिच्या हातात दिलं आणि मुंबईला छापलेलं जाड इंग्रजी माहितीपत्रकही. ते सगळं घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

"मुलाला मी शनवारपर्यंत थांबिवलंय. तुमी सांगाल ता करीन," ती म्हणाली.

एवढा विश्वास कुणी टाकला की माणसाने जरा घाबरावं. मी उलट फुलले. तिला खुर्चीवर बसवलं, पेन्सिल घेतली आणि वर्गात शिकवावं तसं सुरू केलं. "मावशी, पहिली फसवणूक इथे आहे बघा. चोवीस टक्के म्हणतात ते दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर. म्हणजे शेअरमागे दोन रुपये चाळीस पैसे. पण हा शेअर तुम्हाला पंधराला पडणार. पंधरावर दोन चाळीस म्हणजे सोळा टक्के. एजंटने हे सांगितलं का तुम्हाला? नाही सांगितलं." मावशीने मान हलवली. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. एजंटची लबाडी मी पकडली होती! ती पकडल्याच्या आनंदात मी पुढचं सगळं सोपं धरलं. सोळा टक्केही बँकेपेक्षा कितीतरी जास्त. शेअरमागे नफा तीन रुपये, त्यातले दोन चाळीस वाटतात, म्हणजे थोडं शिल्लकही टाकतात. भाड्याचा धंदा, इमारती जागच्या हलत नाहीत. लाखभर टाकले तर वर्षाला सोळा हजार, महिन्याचे तेराशे. कुणाकडे हात पसरायला नको.

"डोळे झाकून टाका," मी म्हटलं. तिचा फॉर्म मी भरला, तिने सही केली. माझ्या बचतीतले आठ हजार मीही टाकायचं ठरवलं आणि एजंटला तिथल्या तिथे चेक लिहून दिला. मावशीचा चेक मात्र तिने दिला नाही. "दोन दिस थांबा," ती त्याला म्हणाली.

एजंट गेल्यावर मी तिला पत्रक मोठ्याने वाचून दाखवू लागले. नफ्याच्या तक्त्यात पहिली ओळ होती: 'भाडे व तत्सम उत्पन्न.'

"तत्सम म्हंजे?" मावशीने विचारलं.

"तत् म्हणजे ते, सम म्हणजे सारखं. त्याच्यासारखं. भाडं आणि भाड्यासारखं उत्पन्न."

"भाड्यासारका काय असतंय?"

"अहो, कंपन्यांच्या भाषेत असं लिहितात."

"नाय, पन असतंय काय ता? माझ्याकडं भाडा येतो नायतर येत नाय. भाड्यासारका कायच येत नाय."

मी चिडले. शाळेत पाचवीपासून तत्सम आणि तद्भव शब्द शिकवतात, सरकारी कागदांत हजार वेळा येतो हा शब्द, आणि ही बाई त्यावर अडून बसलीय. मी तिला सांगितलं की प्रत्येक शब्दाचा असा कीस काढला तर शनिवार उजाडेल आणि इश्यू बंद होईल. मावशीने माझ्या चिडण्याकडे लक्ष दिलं नाही. तिने फॉर्म पेटीत ठेवला आणि म्हणाली, "आदी जागा बगू. पोरगी देतान तवा घर बगतान का नाय?"

गुरुवारी माझे दोनच तास होते. ते आटोपून मी पनवेलच्या स्टँडवर आले, मावशी तिथे आधीच हिरवं लुगडं नेसून बसली होती. तिथून आम्ही टेम्पो रिक्षाने पळस्प्याला गेलो. फाट्यावर ट्रकांची गर्दी, ढाबे, पंक्चरवाले, आणि त्यांच्यामागे कंपनीची दोन मजली नवीकोरी इमारत. मी शटरं मोजली. बेचाळीस. एकावरही 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी नव्हती. टायरवाले, रेडिएटरवाले, स्पेअर पार्टवाले, वरच्या मजल्यावर दोन ट्रान्सपोर्टची ऑफिसं. मी मावशीकडे विजयाने पाहिलं.

"बघा. एकही गाळा रिकामा नाही. सगळे भरलेले."

"सगले भरले?" मावशी म्हणाली. "मंग आता नवीन कोन येनार?"

मला तो प्रश्न बिनडोकपणाचा वाटला. भरलेली इमारत चांगली की रिकामी? मी काही बोलणार तोवर ती एका टायरवाल्याच्या गाळ्यात शिरलीसुद्धा. आत एक पांढऱ्या दाढीचे मुसलमान गृहस्थ ट्यूबला ठिगळ लावत होते. मावशीने त्यांची परवानगी वगैरे न विचारता एका टायरवर बैठक मारली आणि गाळा मोठा आहे, पाणी कुठून येतं, पावसात आत येतं का, असं सगळं विचारून झाल्यावर सहज म्हणाली, "भाडा किती देता, चाचा?"

"किराया ना? नावाला आहे, खाला. पंच्याऐंशी रुपये महिना."

मी हसलेच. "पंच्याऐंशी? आठशे पन्नास म्हणायचं असेल तुम्हाला."

"नाही बाई, पंच्याऐंशी. दर महिन्याची रसीद आहे. पागडी मात्र नव्वद हजार मोजली ताबा घेताना. ती गेली, परत नाही मिळत. आता जन्मभर पंच्याऐंशी."

मावशी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर माझ्यावर मात केल्याचा आनंद अजिबात नव्हता, नुसता एक सरळ प्रश्न होता. "बाई, ती पागडी म्हंजे तुमचा तत्सम काय?"

मी पिशवीतून ते जाड इंग्रजी माहितीपत्रक काढलं. टायरवरच बसले आणि पहिल्यांदा ते मागून उघडलं. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात टिपा असतात. मुलांना मी दर वर्षी बजावते, आधी टिपा वाचा, मग आकडे. आणि स्वतः मी त्या टिपांना हात लावला नव्हता. सातव्या टिपेत लिहिलं होतं की भाडे व तत्सम उत्पन्नात ताबा देताना भाडेकरूंकडून घेतलेल्या ना-परतावा रकमांचा समावेश आहे. पागडी हा शब्द त्यांनी कुठेच लिहिला नव्हता. पळस्प्याच्या इमारतीचं वर्षाचं उत्पन्न अकरा लाखांच्या वर दाखवलं होतं. मी पत्रकाच्या मागे पेन्सिलने मांडलं: बेचाळीस गाळे, पंच्याऐंशी रुपये, बारा महिने. बेचाळीस हजार आठशे चाळीस. बाकीची सगळी, टिपेतच दिल्याप्रमाणे, त्या वर्षी दिलेल्या बारा गाळ्यांची पागडी.

भांडवली जमा आणि महसुली जमा हा धडा मी तोपर्यंत सात वर्षं शिकवला होता. एकदाच येते ती भांडवली, पुन्हा पुन्हा येते ती महसुली, आणि भांडवली जमा नफ्यात धरायची नाही. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. आमच्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगासुद्धा त्यात पाचपैकी तीन मार्क मिळवायचा. मला त्या टायरवर बसून फार लाज वाटली. मावशीला मी 'डोळे झाकून टाका' म्हटलं होतं, आणि स्वतःच डोळे झाकून बसले होते.

"समजलं तुमाना?" मावशीने विचारलं.

"समजलं," मी म्हटलं. "फॉर्म फाडून टाका मावशी. गाळे देऊन होतात तोवर पागडी येते, तिच्यातून हे लाभांश वाटतात. इमारत भरली की पागडी बंद. मग हे नवी इमारत बांधणार, त्यासाठी तुमचे पैसे हवेत. माझं चुकलं."

शेवटचे दोन शब्द बोलायला मला फार जड गेले. चाचांनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचं नाटक केलं.

आम्ही टेम्पोने परत निघालो. पनवेलच्या अलीकडे मावशीने विचारलं, "मंग डंपरच काय आता?"  नको म्हणायला मी शिकले होते, पण शनिवार दोन दिवसांवर होता आणि ते पैसे कुठेतरी जाणार होते. मुलाने वाट बघून थकल्याचं तोंड केलं होतं. नुसतं नको म्हणून मी तिला वाचवलं नव्हतं, डंपरच्या दिशेने ढकललं होतं.

शुक्रवारी सकाळी मी पाणी भरत होते तर मावशी मागच्या परसात काठीने जमिनीवर रेघा ओढताना दिसली. लांब पावलं टाकत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग मला हाक मारली.

"बाई, ती कंपनी घरमालक हाय ना?"

"हो."

"मंग तिचा शेअर मी कशाला घेव? मी सोता घरमालकीन हाय. हितं तीन खोल्या बसतान. चाचा बोलत व्हता, त्याच्या कामगारांना राव्हाला जागा नाय."

मी कळशी खाली ठेवली. हे मला सुचायला हवं होतं आणि सुचलं नव्हतं, याचा राग आला, आणि त्याहून जास्त आनंद झाला. त्या दिवशी कॉलेज बुडवून मी तिचं माहितीपत्रक लिहिलं. विटा, सिमेंट, पत्रे, गवंड्याची मजुरी. तीन खोल्यांचं भाडं. त्यातून दुरुस्तीचे पैसे आधीच वजा, आणि वर्षातले दोन महिने एक खोली रिकामी राहील असं धरून तेही वजा. डिपॉझिट उत्पन्नात धरलं नाही, हे मी खाली जाड अक्षरात टीप म्हणून लिहिलं. हिशेब महिन्याला नऊशेच्या आसपास येत होता. तेराशे नाही, नऊशे. ते मी मावशीला स्पष्ट सांगितलं.

"नऊशे खरे ना?" तिने विचारलं.

"खरे."

"मंग बास."

शनिवारी मुलगा संतापला. आयेला बाईंनी फितवलं, असं तो ओट्यावर मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. मीही आतून ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की डंपरला बँक कर्ज देते, म्हातारपणाला देत नाही. महिनाभर त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे त्याने बँकेच्या कर्जावर डंपर घेतलाच आणि चांगला चालवलाही, हे मी त्याच्याबद्दल सांगायला हवं.

खोल्यांचं काम पत्र्यांपर्यंत आलं आणि पैसे आटले. सिमेंटचा भाव मध्येच वाढला होता. तीन हजारांची गरज होती. मी मावशीला म्हटलं, "माझं डिपॉझिट पेटीत पडलंय की. वापरा ना. मी कुठे लगेच खोली सोडतेय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला चोरी करायला सांगतेय. "ता माजा हाय काय?"

"अहो, पण नुसतं पडलंय."

"पडू द्या."

काम दोन महिने थांबलं. पत्र्यांवाचून उघड्या भिंती, आत कोंबड्या. मी रोज येता-जाता त्या भिंतींकडे बघून दात-ओठ खायचे. दोन्ही महिन्यांच्या एक तारखेला माझं भाडं आणि तिचं सुक्या मासळीचं काहीबाही मिळून पैसे जमले तेव्हा पत्रे चढले. चाचांचे तीन कामगार राहायला आले. त्यांच्या डिपॉझिटच्या तीन नव्या गाठी पेटीत गेल्या आणि चिठ्ठ्या अर्थात मी लिहिल्या.

माझे आठ हजार मात्र चेक वटून कंपनीत अडकले होते. जितके शेअर मागितले तितके सगळे मिळाले. तेव्हाच ओळखायला हवं होतं, चांगल्या कंपनीचे शेअर त्या दिवसांत मागितले तितके कधीच मिळत नसत. आणि गंमत बघा, पहिल्या वर्षी कंपनीने चोवीस टक्क्यांचा पूर्ण लाभांश पाठवला. पोस्टमनने पाकीट ओट्यावर मुलाच्या हातात दिलं. तो ते हवेत हलवत आत आला. "आये, बग. बाईंला घरबसल्या पैसं आले, न् तू कामगारांच्या मोऱ्या साफ करतेस." खरं सांगते, त्या दिवशी मी डगमगले. आपण या बाईचं नुकसान तर केलं नाही? टायरवर बसून केलेला हिशेब मी पुन्हा मांडला, पुन्हा तोच आला. मावशीने लाभांशाचा तो चेक हातात धरून उलटसुलट पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यो भाडा का तत्सम?"

"तत्सम," मी म्हटलं.

"मंग रावद्या," ती म्हणाली आणि मोरी घासायला निघून गेली.

दुसऱ्या वर्षी लाभांश निम्मा झाला. तिसऱ्या वर्षी आलाच नाही, फक्त एक पत्र आलं, ज्यात बाजारातल्या मंदीबद्दल पुष्कळ लिहिलं होतं. नंतर पत्रंही बंद झाली. स्टाफरूममधले अर्धे लोक तोवर माझ्यासारखेच कागद घेऊन बसले होते, पण माझ्याकडे निकाल विचारायला येणं त्यांनी सोडलं नाही. मी आता मागच्या पानापासून वाचायचे आणि प्रत्येक फॉर्मवर एकच प्रश्न विचारायचे, हे पैसे पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहेत का? माझं नाही म्हणणं फार वाढलं. त्यावरून एकदोघे दुखावले. मी त्याची पर्वा केली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कर्ज काढून खांदा कॉलनीत एक बारकासा फ्लॅट घेतला. माझा, माझ्या एकटीच्या नावावर. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी महिन्याची अकरा तारीख होती. मावशी आतून ती लोखंडी पेटी घेऊन आली. तिच्याकडे तोवर पाच भाडेकरू झाले होते, पेटीत गाठींची दाटी होती. तिने सगळ्यात खालची, रंग उडालेल्या लुगड्याची गाठ काढली आणि माझ्या हातात दिली.

"मोजून घ्या."

"मावशी, काय मोजायचं त्यात."

"मोजा."

मी गाठ सोडली. आत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, माझीच तारीख. टाचणी गंजली होती आणि वरच्या नोटेवर तिचा तांबूस डाग पडला होता. त्याच नोटा. मीच बँकेतून आणलेल्या, त्याच क्रमाने. सिमेंट अडलं तेव्हा, मुलगा महिनाभर रुसला तेव्हा, एका पावसात मधल्या खोलीचे पत्रे उडाले तेव्हा, त्या तिथेच होत्या. मी मोजायला लागले आणि सतरावर अडले, डोळ्यांसमोर काही दिसेना. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तीस.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर."

"आता या महिन्याच्या अकरा दिसांचा भाडा."

"यातूनच कापून घ्या ना," मी म्हटलं. इतकी वर्षं त्या घरात काढून, सगळं कळून, बोलूनच गेले. मावशीने रिकामा तळहात पुढे धरला. मी त्या नोटा पुन्हा फडक्यात बांधल्या, पिशवीत तळाशी ठेवल्या, पर्स उघडली आणि अकरा दिवसांचं भाडं वेगळं मोजून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते पुन्हा एकदा मोजलं आणि कमरेच्या बटव्यात टाकलं.

"ह्यो भाडा," ती म्हणाली. "ह्यो माजा."